मिस्त्रीची गाडी गॅरेजला आहे

मिस्त्रीने आजवर हजारएक गेटं केली असतील, पण गल्लीत नाव निघतं ते त्याच्या स्वतःच्या घराच्या गेटचं. त्या गेटला पोट आहे. दोन्ही झडपा खालून वरून सरळ, आणि मधेच रस्त्याच्या बाजूला टम्म फुगलेल्या. नवा माणूस थांबून बघतो आणि विचारतो की ही काय नवी फॅशन आहे का. फॅशन वगैरे काही नाही. लोकांच्या दारात एका सुताचा फरक चालवून न घेणारा हा माणूस, नवी पिकअप गाडी विकत घेताना स्वतःच्या अंगणाचं माप घ्यायला विसरला. गाडी वाजतगाजत घरी आली, मागे घेत घेत भिंतीला टेकली, आणि तिचं नाक वीतभर गेटाबाहेर राहिलं. मिस्त्रीने दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी कटर घेऊन गेट मधोमध कापलं. गाडीचं नाक मावेल एवढा फुगवटा जोडून दिला. शेजारचा शिंपी रोज दुकान उघडताना विचारायचा, “काय मिस्त्री, कितवा महिना?”

गाडीला सात महिने झाले होते आणि शिंप्याचा विनोद अजून संपला नव्हता.

गाडी घ्यायच्या आधी मिस्त्रीचा सगळा माल मामाच्या टेम्पोतून जायचा. मामा म्हणजे कुणाचा सख्खा मामा नव्हे, सगळ्यांचाच मामा. तीन चाकांचा जुना टेम्पो, पुढे दीड माणसाची जागा. त्यातल्या अर्ध्या जागेवर मिस्त्री सतरा वर्षं अर्धं ढुंगण बाहेर काढून बसला. मामाची एक पद्धत होती. सायकलच्या जुन्या ट्यूब कापून त्याने पट्ट्या करून ठेवल्या होत्या. गेट असो, खिडकीची जाळी असो, जिन्याचा कठडा असो, प्रत्येक कोपऱ्याला तो आधी पोतं गुंडाळायचा आणि मग ट्यूबची पट्टी ताणून अशी गाठ मारायचा की खड्ड्यातून गेलं तरी लोखंड हूं की चूं करायचं नाही. त्या सतरा वर्षांत मिस्त्रीच्या एका गेटाचा रंगही वाटेत उडाला नाही.

आणि पहिलं गेट. ते मिस्त्री कुणाला सांगत नाही, पण विसरलेलाही नाही. दुकान नवीन होतं, हात नवीन होता, आणि पहिलंच गेट खांबांमध्ये बसेना. एक झडप तिरकी. घरमालक कमरेवर हात ठेवून उभा, मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालेलं. तेव्हा मामा टेम्पोतून उतरून म्हणाला, “साहेब, चूक माझी. येताना खड्ड्यात आपटला टेम्पो, तेव्हाच वाकलं असणार. पोराचं काम एक नंबर आहे.” मालक मामालाच चार शब्द बोलला. मामाने ते ऐकून घेतले, गेट परत लादलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेलं पुन्हा आणून दिलं आणि त्या खेपेचं भाडंही मागितलं नाही.

आता एवढं सगळं असताना मिस्त्रीला गाडी घ्यायची खाज का सुटली? तर मोठ्या इमारतींची कामं मिळायला लागली होती आणि तिथल्या वॉचमनने एकदा टेम्पो बघून “भंगारवाले मागच्या दाराने” असं म्हटलं होतं. मामा हसला होता. मिस्त्रीला मात्र ते लागलं. तीन वर्षं पै-पै साठवून त्याने पांढरीशुभ्र पिकअप आणली. मामाला म्हणाला, “मामा, आता तुम्हाला या वयात त्रास नको. स्वतःची गाडी झाली.” बोलताना त्याला आपण फार मोठ्या मनाने बोलतोय असं वाटलं होतं. मामाचं निम्म्याहून जास्त काम आपलंच आहे, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याने फक्त त्या बाजूला बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा गाडी बघायला आला. चारी बाजूंनी फिरला, टायर अंगठ्याने दाबून बघितला, हौद्यात डोकावला. “झकास!” म्हणाला. मग “बसून बघू का?” असं विचारून त्याने दार उघडलं, आणि चढायच्या आधी खाली वाकून पायातल्या चपला काढल्या. हातात घेतल्या, अनवाणी वर चढला आणि सीटच्या अगदी काठावर, गुडघ्यांवर चपला घेऊन बसला. मिस्त्रीच्या जिभेवर आलं होतं, “अहो मामा, असू द्या पायात.” पण त्याचं लक्ष पायाखालच्या नव्या चटईकडे होतं.  मामा दोन मिनिटं बसला आणि उतरून चपला घालून निघून गेला.

गाडी घेताना माणूस पैसे एकदाच मोजतो, अशी मिस्त्रीची भाबडी समजूत होती. मोजून झाल्यावर विमा आला. विम्यामागून कागदपत्रं आली, हौद्यात टाकायची रबरी चादर आली, सीटची कव्हरं आली, आणि मग आलं युरियाचं पाणी. डिझेल भरायचं ते भरायचंच, वर ह्या पाण्याची वेगळी टाकी. “गाडीला तहान लागते का?” बायकोने विचारलं. मिस्त्रीने तिला धुराबिराचं काहीतरी समजावून सांगितलं, जे त्याला स्वतःलाही नीट कळलेलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात उंदरांनी बॉनेटखालची वायर कुरतडली. विमावाले म्हणाले, उंदीर आमच्या कागदात बसत नाही. चौथ्या महिन्यात डाव्या दारातून कुईं कुईं आवाज यायला लागला, तो फक्त मिस्त्रीलाच ऐकू यायचा. रोज रात्री तो गाडीवर जाड कापडाचं आवरण घालायचा, चारी बाजूंनी खोचायचा. बायको दारातून म्हणायची, “मला कधी अशी चादर पांघरली नाहीत हो.”

सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे ओरखडा. मिस्त्रीने पहिलंच गेट स्वतःच्या गाडीत चढवलं तेव्हा कळलं की हा हौदा छातीएवढा उंच आहे. मामाच्या टेम्पोत कसं, गुडघ्याएवढं उचललं की काम झालं. दोन माणसांनी गेट वर ढकललं, एकाचा हात निसटला, आणि कोपरा हौद्याच्या मागच्या फाळक्यावरून घसरत गेला. कर्र असा आवाज झाला. वीतभर पांढरा रंग निघून आतलं लोखंड दिसायला लागलं. मिस्त्रीचा सगळा जन्म लोखंड बघण्यात गेला, पण ते त्याला बघवेना. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर त्याने जे केलं ते ऐकून शिंपी तर खुर्चीवरून पडला असता, म्हणून ते कुणाला कळू नये याची मिस्त्रीने काळजी घेतली. माल पोचवायला तो भाड्याचा टेम्पो बोलवायला लागला. मामाचा नव्हे. मामाला कुठल्या तोंडाने बोलवणार? पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नाक्यावरचा, ओळखीत कुणी नसलेला. पुढे भाड्याचा टेम्पो गेटं घेऊन, मागे मिस्त्री स्वतःच्या गाडीत रिकाम्या हौद्यासह. एका गिऱ्हाइकाने विचारलंसुद्धा, “मिस्त्री, ही गाडी कशाला आणलीत?” मिस्त्री म्हणाला, “माप घ्यायला.”

पुढे पुढे तेही बंद झालं. रस्त्यावर खडी असते, मागून येणाऱ्याला ब्रेक लागत नाही. कामावर तो पुन्हा सायकलने जायला लागला. गाडी अंगणातच राहिली. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी तो ती चालू करायचा आणि जागेवरच दहा मिनिटं घुर्र घुर्र ठेवायचा, चहा पीत पीत, कौतुकाने. स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेत महिनाभर एक केशरी दिवा लागलेला दिसत होता. तो कशाचा ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असणार, पण पुस्तक अजून कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये होतं आणि प्लॅस्टिक फाडायचं मिस्त्रीच्या जिवावर आलं. मग त्याने त्या दिव्यावर काळी टेप चिकटवली.

मधल्या काळात मामाने टेम्पो काढून टाकला. मिस्त्रीला ते चहाच्या टपरीवर कळलं. “भंगारात गेला,” टपरीवाला म्हणाला, “कामच नव्हतं म्हणे. टायर घालायचे कशाला?” मिस्त्रीने अर्धा कप तसाच ठेवला. संध्याकाळी मामाकडे जाऊन येऊ असं त्याने ठरवलं. गेला नाही. मग मामी न्हाणीघरात घसरून पडल्याचं कळलं, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन आठवडे गेले. जितके दिवस जायचे तितकं जाणं अवघड व्हायचं. एकदा मामा समोरून येताना दिसला, तर मिस्त्री हार्डवेअरच्या दुकानात शिरला आणि गरज नसताना पावशेर खिळे घेऊन आला.

आणि मग त्या दिवशी सकाळी आठ वाजता मामाचा फोन आला.

“मिस्त्री, मोकळा आहेस का जरा?”

“बोला ना मामा.” मिस्त्री अंगणात उभा होता. हातात फडकं होतं.

“मामीला आज सोडतायत. बारापर्यंत दवाखान्याची गाडी घरी आणून पोचवेल. डॉक्टर म्हणतात, खाली किंवा साध्या खाटेवर झोपवायचं नाही. तो हँडल फिरवून डोकं वर होतं ना, तसला पलंग भाड्याने ठरवलाय. दुकानातून घरापर्यंत तेवढा आणायचा. तुझी गाडी मिळाली असती तर एका खेपेत काम झालं असतं.”

तो पलंग मिस्त्रीला चांगला माहीत होता. त्या दुकानाचे मोडके पलंग वेल्डिंगला त्याच्याकडेच यायचे. एकाच्याही पायाला रबराचं बूच उरलेलं नव्हतं. नुसते कापलेले पाइप, कडा धारदार. ते चार पाय हौद्यात घासत जाताना त्याला डोळ्यांसमोर दिसले, आवाजही ऐकू आला. आणि तोंडातून शब्द निघून गेले.

“अरेरे मामा... गाडी गॅरेजला आहे. सर्व्हिसिंगला दिलीय, कालच.”

“हो का? काही मोठं नाही ना?”

“नाही नाही. एक दिवा लागत होता, म्हणून.”

“मग बरं केलंस. नव्या गाडीचं वेळच्या वेळी करावं. मी बघतो काहीतरी. ठेवू?”

फोन ठेवला तेव्हा मिस्त्रीचे कान तापले होते. वळून बघतो तर दारात बायको.

“गाडी गॅरेजला आहे?”

मिस्त्री फडक्याने बॉनेट पुसायला लागला.

“मग ही समोर उभी आहे ती कोण? पाहुणी?”

“तुला काय कळतं? त्या पलंगाचे पाय बघितलेस का तू?”

“मी मामींचे पाय बघून आले,” बायको म्हणाली. “परवा गेले होते दवाखान्यात. त्यांनी तुमचीच चौकशी केली. कामाच्या गडबडीत आहेत असं सांगितलं मी. तुमच्यापायी मीही खोटं बोलायला शिकले.” आणि ती आत निघून गेली.

शरमेने माणूस सुधारतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने मिस्त्रीकडे बघावं. त्याला आता एकच भीती होती, मामा या गल्लीतून गेला तर? फुगलेल्या गेटामागे गाडीचं पांढरं नाक दिसणारच. तासभर तो येरझाऱ्या घालत राहिला आणि मग त्याला उपाय सुचला. गाडी खरोखरच गॅरेजला न्यायची. म्हणजे मग आपण खोटं बोललो असं राहत नाही, फार तर थोडं आधी बोललो. एवढा हिशेब करून झाल्यावर त्याला जरा बरंसुद्धा वाटलं. त्याने आवरण काढलं, घडी केली, काच पुसली आणि साडेनऊला गाडी बाहेर काढली.

सर्व्हिस सेंटर हमरस्त्यावर होतं आणि तिकडे जायला चढावाचा एकच रस्ता होता. चढावाच्या वरच्या अंगाला मामाचं घर. पण मामा आत्ता कुठेतरी टेम्पो शोधत असणार, मिस्त्रीने स्वतःला सांगितलं. अर्धा चढ गाडी नीट चढली. मग एकाएकी तिच्या अंगातलं बळ गेलं. मिस्त्रीने पाय दाबला, इंजिन नुसतं कण्हलं. टेप लावलेल्या दिव्याच्या शेजारी आणखी दोन दिवे लागले. गाडी मुंगीच्या पावलाने दहा हात सरकली आणि थांबली. मागून भोंगे वाजायला लागले. हँडब्रेक ओढून मिस्त्रीने आरशात बघितलं.

भोंग्यांच्या मागून, रस्त्याच्या कडेने, एक हातगाडी चढ चढत होती. तिच्यावर आडवा टाकलेला लोखंडी पलंग. पुढून एक हातगाडीवाला दांड्यांवर वाकून ओढत होता. आणि मागून, पलंगाच्या पाइपाला खांदा लावून, मान खाली घालून मामा ढकलत होता. त्रेसष्ट वर्षांचा माणूस. पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. पलंगाच्या चारी पायांना पोतं गुंडाळून ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेलं होतं. ती गाठ मिस्त्रीला शंभर पावलांवरूनही ओळखू आली असती.

मिस्त्रीने काय केलं? सांगायलाही लाज वाटते. बावन्न वर्षांचा हा बाप्या सीटवरून खाली घसरला आणि स्टिअरिंगच्या खाली डोकं घालून बसला. जणू पांढरीशुभ्र गाडी भर रस्त्यात उभी आहे आणि ती कुणाला दिसणार नाही. काचेवर टकटक झाली.

“अरे, मिस्त्री? तूच आहेस होय! खाली काय शोधतोस?”

“काही नाही... पेन पडलं.”

“सोडली वाटतं गाडी गॅरेजवाल्यांनी?” मामा धापा टाकत हसला. मग दिवे बघितले, इंजिनाचं कण्हणं ऐकलं, आणि त्याचा चेहरा उतरला. “काय रे हे! कालच सर्व्हिसिंग करून ही गत? हातात पैसे मोजून घेतात आणि कामं अशी करतात. तू बोलला नाहीस का त्यांना?”

मिस्त्रीला तेव्हा वाटलं की मामाने थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. मामाने रस्त्याकडेचा दगड उचलून गाडीच्या मागच्या चाकाला लावला, भोंगे वाजवणाऱ्यांना हात करून थांबवलं, आणि हातगाडीवाल्याला हाक मारली. “ये रे, जरा हात लाव. आपल्या मिस्त्रीची गाडी अडकलीय.” हातगाडी कडेला टेकवून ते दोघे आले. मिस्त्री स्टिअरिंग धरून बसला आणि ज्या माणसाला त्याने गाडी नाकारली होती, तो ती गाडी हाताने लोटून बाजूला लावत होता. घामाने भिजलेले दोन्ही तळवे त्याने मागच्या फाळक्यावर टेकले, मग काहीतरी आठवल्यासारखं करून उचलले, सदऱ्याला पुसले, आणि पुन्हा टेकले.

कंपनीच्या माणसाला फोन लागला. दुपारपर्यंत मेकॅनिक पाठवतो म्हणाला.

“तू थांब इथेच,” मामा म्हणाला. “नवी गाडी अशी सोडून जाऊ नकोस.”

“राहू दे गाडी,” मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “सरका तुम्ही.” आणि त्याने पलंगाच्या पाइपाला खांदा लावला.

उरलेला चढ फार नव्हता, पण मिस्त्रीला तो संपता संपेना. रिकाम्या हौद्याची गाडी खाली कडेला उभी राहिली आणि पलंग हातगाडीवरून वर गेला. मामा शेजारून चालताना बोलत होता, मामी किती धीराची, दवाखान्यातली नर्स किती चांगली. मिस्त्री हूं हूं करत होता. सांगायचं, आत्ता सांगायचं, असं तो प्रत्येक विजेच्या खांबापाशी ठरवायचा आणि खांब मागे पडायचा.

मामाचं घर म्हणजे दोन खोल्या, दार अरुंद. मिस्त्रीने वितीने माप घेतलं. पलंग आडवा केला तर दोन सूत राखून जाईल. गेलाही. आत ठेवताना एका पायाचं पोतं सुटलं आणि पाइपाची कड फरशीवर घासली. कर्र. तोच आवाज. फरशीवर लांबलचक पांढरी रेघ उमटली. मिस्त्री जागच्या जागी थिजला.

“मामा, फरशी...”

“जाऊ दे रे,” मामा म्हणाला. “फरशी चालायलाच असते. डोक्याची बाजू खिडकीकडे घेऊ का? तिला बाहेरचं दिसलेलं बरं.”

बाराच्या सुमाराला मामी आली. दवाखान्याच्या दोन माणसांनी उचलून तिला पलंगावर ठेवलं. सोबत तिची भाची होती. मिस्त्रीने हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर केली. मामी निम्मी झाली होती, पण जीभ तशीच होती.

“आलास का रे! बायको सांगत होती तुला मरायला फुरसत नाही म्हणून.”

“मामी, मी यायला हवं होतं.”

“आलास ना आता. आणि हातगाडीवरून आणलात म्हणे पलंग? मी कालच यांना विचारलं होतं, मिस्त्रीची गाडी आहे ना, मग काळजी कसली? तर आता हे म्हणतात, गाडी गॅरेजला होती, नाहीतर त्यानेच आणून दिला असता. मला ठाऊक आहे रे. तू कशाला नाही म्हणशील?”

मिस्त्री हँडलच्या दांड्याकडे बघत राहिला. तो सैल होता. त्याने खिशातला पाना काढून आवळला, आवळून झाल्यावरही आवळत राहिला.

बाहेर मामा हातगाडीवाल्याचे पैसे देत होता. “चढ जास्त होता, वर थोडे घे,” मामा म्हणाला.

“नको मामा, काल ठरलंय तेवढेच द्या. तुम्ही नऊला ये म्हणालात, मी तर साडेआठपासून दुकानापाशी हजर होतो.”

मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. काल. मामाचा फोन तर आज सकाळी आठला आला होता.

दुपारी भाचीला मामीपाशी बसवून मामा औषधांची चिठ्ठी घेऊन निघाला. मिस्त्री त्याच्याबरोबर चढ उतरला.  गाडीपाशी कंपनीची मेकॅनिक आलेली होती, एक तरुण मुलगी, निळ्या गणवेशात. चावी मिस्त्री गाडीलाच विसरून गेला होता, आणि तिने डब्यासारखं यंत्र गाडीला जोडलेलं होतं. काळी टेप काढून तिने ती स्टिअरिंगवर चिकटवून ठेवली होती.

“ही कुणी लावली?”

“मी,” मिस्त्री म्हणाला.

“काका, धुराची काजळी अडवायला आत एक फिल्टर असतो. गाडी मोठ्या रस्त्यावर वेगात पळाली की तो तापतो आणि काजळी जळून जाते. जागेवर नुसती चालू ठेवली की तुंबतो. तुम्ही रोज अशीच उभ्या उभ्या चालू ठेवत होता का?”

“रोज. दहा मिनिटं.”

“आणि सर्व्हिसिंग? आमच्याकडे नोंदच दिसत नाही. दुसरीकडे कुठे केलीत?”

मामा शेजारी उभा होता. औषधाच्या चिठ्ठीची घडी घालत होता, उलगडत होता.

“कुठेच नाही,” मिस्त्री म्हणाला. “पहिलीच व्हायची आहे अजून.”

मेकॅनिक काय समजायचं ते समजली. “नव्या गाड्या लोक असंच करून मारतात,” ती यंत्र काढता काढता म्हणाली. “गाडीत दोष काही नाही. तुम्ही तिला काम दिलं नाहीत. आता मी तात्पुरती मोकळी केलीय. लगेच हमरस्त्याला घ्या आणि अर्धा तास न थांबता पळवा. पुन्हा तुंबला तर अख्खा फिल्टर बदलावा लागेल, आणि त्याची किंमत आत्ता सांगत नाही, उन्हात उभे आहात.” स्कूटरला लाथ मारून ती गेली.

रस्त्यावर ते दोघेच उरले. मिस्त्रीची मान वर होईना.

“मामा, सकाळी मी खोटं बोललो. गाडी घरी होती.”

“बरं,” मामा म्हणाला.

“तुम्हाला माहीत होतं.”

मामाने घडी खिशात ठेवली. “अरे, हातगाडीवाल्याला मी कालच सांगून ठेवलं होतं.”

“मग मला विचारलंत कशाला?”

“मामी विचारत होती म्हणून,” मामा म्हणाला. “आणि न विचारता पलंग नेला असता, तर उद्या तुला वाटलं असतं, मामाने मला परकं केलं. तुला नाही म्हणायला तरी मिळावं.”

तो हे रागाने बोलला असता तर मिस्त्रीला उत्तर सुचलं असतं. मामा साध्या आवाजात बोलला, गेटाला कोणता रंग द्यायचा ते सांगावं तसा. मिस्त्रीचे डोळे भरून आले आणि भर दुपारी, वाहत्या रस्त्यावर, कुठे तोंड लपवावं ते त्याला कळेना. त्याने जाऊन डावीकडचं दार उघडलं. ते कुईं करून वाजलं.

“चला मामा. औषधं त्या बाजूलाच मिळतील. बसा.”

मामाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे. मग पायरीशी आला, त्या पहिल्या दिवसासारखा खाली वाकला आणि पायातल्या चपला काढायला लागला.

“असू द्या ना मामा,” मिस्त्रीने त्याचा दंड धरला. “पायात असू द्या. मी सांगतोय ना.”

“राहू दे रे,” मामा म्हणाला. “चढावरची माती लागलीय. तुझी चटई खराब व्हायची.”

आणि अनवाणी वर चढून, सीटच्या काठावर, मांडीवर चपला घेऊन बसला. मिस्त्रीने गाडी हमरस्त्याला घातली. अर्धा तास न थांबता पळवायची होती. पूर्ण अर्धा तास मामा तसाच बसून होता, आणि मिस्त्रीला एकदाही डावीकडच्या आरशात बघता आलं नाही.